सोलर नापास झाला की त्याचे पाइप?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरवर एक लेख आला होता. लेखकमहाशयांनी तीन वर्षं वापरून आपला सोलर बंद केला, शेजारी उन्हावर वीज करणारे पॅनेल बसवले आणि ‘निकामी यंत्र’ असा शेरा मारून विषय संपवला. मी चौतीस वर्षं नळजोडणीची कामं केली. गुडघ्यांनी शिडी चढायला नकार दिला तेव्हा पाना खाली ठेवला. असा लेख आला की मी आधी चित्र बघतो, मग मजकूर. तुमच्या चित्रात गार पाणी टाकीत वरून शिरतंय आणि गरम पाण्याची नळी तळातून निघतेय. ही चूक मी लगेच ओळखली, कारण एका घरात ती मी स्वतःच्या हातांनी करून ठेवली होती.

तेव्हा कामाला लागून मला जेमतेम चार वर्षं झाली होती. टाकीची दोन्ही तोंडं एकाच बाजूला होती, एक वर आणि एक खाली. रंगाच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या, अंधारून आलं होतं आणि खाली मालक घाई करत होते. मी पाइप उलटे जोडले. दुसऱ्या दिवशी पाणी कोमट आलं. मी म्हणालो, दोन दिवस ऊन खाऊ द्या. त्या घराने वर्षभर कोमट पाण्याने अंघोळी केल्या. वर्षाने टाकी धुवायला गेलो आणि गरम नळीला हात लावला, तर भर उन्हात ती गार. टाकीचा माथा मात्र चटका बसेल इतका तापलेला. घरातल्या आजी म्हणाल्या, “अरे, आमच्या गच्चीवरचं ऊनच मंद आहे.” मी काही बोललो नाही. दोन्ही युनियन, म्हणजे पाइप सोडवता येणारे जोड, उघडले, पाइपांची अदलाबदल केली आणि ‘क्षार काढले’ असं सांगून घरी आलो. आज छापील कबुली देतो.

टाकीतलं पाणी एकजीव नसतं, थरांनी असतं. गरम पाणी हलकं म्हणून वर, गार जड म्हणून खाली. गार पाणी तळाला सावकाश सोडायचं आणि गरम पाणी माथ्याजवळून काढायचं. असं केलं तर अर्धी टाकी वापरून झाली तरी उरलेलं वरचं पाणी तसंच कढत मिळतं. उलट जोडलं की वरून पडणारं गार पाणी सगळे थर ढवळून टाकतं. टाकी तीच, ऊन तेच, नळाला मात्र कोमट. म्हणून चित्र दुरुस्त करा ही माझी पहिली विनंती. तुमची पुरवणी कापून ठेवणारे लोक आहेत, आणि नवशिकी पोरं चित्र बघूनच जोडतात.

आता लेखाकडे येतो. ‘उन्हात तेवढा दमच नाही’ हे वाक्य मला खटकलं. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४.६५ युनिट उष्णता लागते. ज्या दिवशी लख्ख ऊन असतं, त्या दिवशी एका चौरस मीटरवर पाच युनिटच्या आसपास पडतात. म्हणजे कलेक्टर, ऊन झेलून पाणी तापवणारा भाग, दोन चौरस मीटरचा असेल आणि पडलेल्या उन्हातलं निम्मंच पाण्यात उतरलं, तरी शंभर लिटर पाणी तापतं. ढगाळ दिवशी हे होत नाही, आणि ‘पावसातही कढत पाणी’ असं सांगून विकणारे खोटं बोलतात. तेवढ्यासाठी टाकीत विजेची कॉइल असते. पण लेखकमहाशय तक्रार करतात ती स्वच्छ उन्हाच्या दिवसांची. मग दोष उन्हाचा कसा?

ही कल्पना काही कालची नाही. निवृत्तीनंतर वाचनाची सवय लागली, त्यात कळलं की १८९१ साली अमेरिकेत क्लॅरन्स केम्प नावाच्या गृहस्थाने सौर हीटरचं पेटंट घेतलं होतं. काळ्या रंगाच्या टाक्या काच लावलेल्या पेटीत ठेवायच्या, इतकंच. दुपारी पाणी झकास तापायचं, रात्रभरात निवून जायचं. मग १९०९ च्या सुमारास विल्यम बेली याने तापवायचा भाग वेगळा केला आणि टाकी वेगळी करून तिला उष्णतारोधक आवरणात गुंडाळलं. नाव दिलं ‘डे अँड नाइट’. आज गच्च्यांवर दिसतं ते अजूनही बेलीचंच यंत्र. पुढे १९५० च्या दशकात इस्रायलमध्ये हॅरी ताबोर यांनी असा काळा लेप तयार केला, जो ऊन पितो पण उष्णता फारशी बाहेर टाकत नाही. १९८० साली त्या देशाने नव्या घरांवर सोलर सक्तीचा केला. पूर्ण देश कोमट पाण्यावर चार दशकं काढेल असं मला वाटत नाही.

लेखकांनी नकळत तीन गोष्टी लिहून ठेवल्यात आणि माझ्यासारख्याला तेवढ्या पुरतात. पहिली, दुसऱ्या वर्षी शॉवरला जोर यावा म्हणून त्यांनी प्रेशर पंप बसवला. दुसरी, त्यानंतर ‘टाकीवरच्या उभ्या नळीतून सारखं पाणी गळायचं’. तिसरी, पाणी कोमट व्हायला लागलं तेही त्याच सुमाराला. हे वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि हिला म्हणालो, “पंपाने खाल्लं बघ ह्यांचं गरम पाणी.”

सांगतो कसं ते. साध्या सोलरच्या टाकीत पाण्याला फक्त उंचीचा दाब असतो. पंप लावला गार पाण्याच्या लाइनीवर. आता बाथरूममधल्या मिक्सरपाशी, म्हणजे गार-गरम पाणी मिसळणाऱ्या नळापाशी, एका बाजूने पंपाचं जोरदार गार पाणी, दुसऱ्या बाजूने सोलरचं बिचारं गरम. हँडशॉवरची दोन्ही बटणं उघडी ठेवून लोक फक्त शॉवरचं टोक बंद करतात. मग मिक्सरच्या आतून गार पाणी गरम लाइनीत शिरतं, उलटं वर चढतं, टाकीत जातं. टाकी आधीच भरलेली, म्हणून ते हवेच्या उभ्या नळीतून गच्चीवर सांडतं. चोवीस तास पाण्याची नासाडी, आणि टाकीत दर तासाला गार पाण्याची भर. सूर्याने दिवसभर तापवायचं आणि मिक्सरने दिवसभर निववायचं.

तपासणी अगदी सोपी आहे. टाकीतून निघणाऱ्या गरम नळीवरचा व्हॉल्व्ह गच्चीवर बंद करायचा आणि खाली बाथरूमचा फक्त गरम नळ सोडायचा. पाइपातलं उरलेलं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. धार चालूच राहिली, तर ते पाणी गार लाइनीतून येतंय. मग एकेक मिक्सर बंद करत चोर शोधायचा. गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवला की प्रश्न मिटतो. मात्र साध्या टाकीलाच पंपाचा दाब देण्याचा शहाणपणा करू नये, ती फुगते. दाबाची टाकी वेगळी मिळते.

त्या गळणाऱ्या उभ्या नळीबद्दल आणखी एक. गळती दिसली की लोकांचे हात शिवशिवतात. एका घरी मालकांनी तिला लाकडी खुंटी मारून ठेवली होती. दोन दिवसांनी मला बोलावणं आलं. टाकी मध्येच आत चेपलेली, रिकामा डबा मुठीत आवळावा तशी. वरून पाणी यायचं थांबलं होतं, घरात नळ उघडा होता, आणि पाण्याच्या जागी हवा शिरायला वाट नव्हती. बाहेरच्या हवेने आपलं काम केलं. प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांचा भार असतो तिचा. ती नळी टाकीचं नाक आहे. गळत असेल तर का गळतंय ते शोधावं.

पाइपांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. सोलर घेताना लोक ऊन झेलणाऱ्या काचेच्या नळ्या मोजतात, टाकीवर टिचक्या मारतात, वॉरंटी विचारतात. गच्चीपासून बाथरूमपर्यंतचा पाइप किती लांब आणि किती जाड, हे मला आजवर फार थोड्या गिऱ्हाइकांनी विचारलं. आत वीस मिलिमीटर पोकळी असलेल्या वीस मीटर पाइपात सहा लिटरच्या वर पाणी मावतं. ते निवलं की आधी तेवढं गार पाणी सांडायचं, मग गरम येणार. घरातली चार माणसं तासातासाच्या अंतराने अंघोळीला गेली तर चार वेळा सहा लिटर मोरीत. तेवढंच तापवलेलं पाणी प्रत्येक वेळी पाइपात अडकून निवून जातं ते निराळंच. उपाय दोन. पाइप गरजेपुरताच जाड घ्या आणि त्याला आवरण घाला. आवरणालाही वर कव्हर हवं, कारण उघडा फोम उन्हाने दोनेक वर्षांत भुसभुशीत होतो आणि पक्षी चोचीने उपटून नेतात. मी स्वतः असे उघडे पाइप कितीतरी घरांत सोडून आलो, कारण त्या कामाचे पैसे कुणी द्यायला तयार नसे. घर बांधतानाच बाथरूम एकाखाली एक ठेवली आणि पाइपाला सरळ उतरायला जागा सोडली, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

कॉइलचंही तसंच. लेखक म्हणतात, ‘शेवटी वीज जळतच होती’. जळणारच, कॉइलचं बटण दिवसरात्र चालू होतं ना! पहाटे अंघोळी झाल्या, टाकीत गार पाणी आलं, थर्मोस्टॅटने लगेच कॉइल पेटवली आणि ऊन डोक्यावर यायच्या आत टाकी तापून तयार. मग सूर्याने तापवायचं काय? संध्याकाळी वर जाऊन बघावं, पाणी पुरेसं गरम नसेल तरच कॉइल लावावी. आळस असेल तर टायमर बसवावा.

मात्र काटकसरीच्या नावाखाली पाणी कायम कोमटच ठेवणंही बरं नाही. लेजिओनेला नावाचा जंतू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो आणि त्याने फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. साठ अंशांच्या वर तो तगत नाही. म्हणून ढगाळ दिवस लांबले की अधूनमधून कॉइल लावून सगळी टाकी साठच्या वर न्यावी. आणि साठ अंशांचं पाणी अंगावर आलं तर पाचेक सेकंदांत कातडी भाजते, लहान मुलांची त्याआधीच. सोलरमध्ये कडक उन्हाच्या दिवशी पाणी ऐंशीपर्यंतही जातं. घरात मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर आपोआप गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह लावून घ्यावा. इथे मी काटकसर ऐकून घेत नसे. गिऱ्हाईक चिडलं तर चिडलं.

देखभालीवर लेखात एक ओळही नाही. काचेच्या नळ्यांवर धूळ बसते ती दिसते तरी, आतला क्षार दिसत नाही. पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर तापल्यावर क्षार सुटतात आणि नळीच्या तळाशी गाळ बसतो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी ती गंजते, तेच तिचं काम. ती संपली की पाणी टाकीला खायला लागतं. मी उघडलेल्या जुन्या टाक्यांमध्ये बहुतेक वेळा कांडीच्या जागी नुसती तार लोंबत असायची. आणि नळ्यांच्या टोकाशी चंदेरी मुलामा असतो तो बघावा. ती चांदी दुधी पांढरी झाली, म्हणजे दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली, हवा शिरली. ती नळी आता नुसतीच काच. वीसपैकी चार अशा असतील तर चार बदलाव्यात, वीसही नाही आणि सगळा सोलर तर नाहीच.

विजेच्या पॅनेलबद्दल माझी तक्रार नाही. पॅनेल पडलेल्या उन्हातल्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास वीज करतं, सोलर हीटर निम्म्याच्या आसपास उष्णता. त्यामुळे पॅनेलच्या विजेवर साधा गीझर चालवला, तर तेवढ्याच पाण्याला गच्ची दुपटीहून जास्त लागते. पण हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं यंत्र, जोडला तर तो एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो आणि हिशेब बरोबरीला येतो. शिवाय तारेत पाणी निवत नाही आणि क्षार बसत नाहीत. आज नवं घर बांधणारा मला विचारायला आला तर मी त्याला दोन्ही आकडे सांगेन. पण चालू स्थितीतला सोलर एका मिक्सरपायी भंगारात घालू नये.

घर उबदार ठेवण्याचा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि तिथे मी स्वतः सावध असतो. माझी मुलगी थंड मुलखात राहते. तिने फोनवर विचारलं, “बाबा, छतावर सोलर लावून घर तापवता येईल का?” मी म्हटलं, अंघोळीचं पाणी नक्की, घर थोडंफार. कारण घराला ऊब हवी असते तेव्हाच सूर्य खाली असतो आणि दिवस आखूड. त्यातही तिच्याकडे घर तापवायला फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या आहेत हे बरं. त्यांना ३५-४० अंशांचं पाणी पुरतं, आणि कमी तापमानावर कलेक्टर उष्णता कमी सांडतो. पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून कलेक्टरमध्ये ग्लायकोल मिसळलेलं पाणी फिरतं आणि घरातल्या पाण्याला ते वेटोळ्यातून फक्त ऊब देतं. उन्हाळ्यात उष्णता कुणी वापरत नाही, ग्लायकोल जास्त तापून आंबट होतं आणि पाइप खातं. ते दर काही वर्षांनी तपासून बदलावं लागतं, हे विकणाऱ्याने तिला सांगितलंच नव्हतं. कलेक्टर उभट बसवायला मी सांगितलं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन सरळ मिळतं आणि बर्फ घसरून जातं.

उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यासाठी साठवणारेही निघाले. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या ओकोटोक्स इथे २००७ साली ५२ घरांची ड्रेक लँडिंग वसाहत झाली. गॅरेजांच्या छपरांवर आठशे कलेक्टर, आणि जमिनीत सुमारे ३५ मीटर खोल १४४ भोकं. उन्हाळाभर माती तापवायची, हिवाळाभर तीच ऊब घरांत आणायची. पाचव्या वर्षी घरं तापवण्याची ९७ टक्के गरज उन्हाने भागवली. वाचून मी टाळी वाजवली होती. पुढे भाग जुने झाले, दुरुस्तीला माणसं आणि सुटे भाग मिळेनात, आणि २०२४ साली यंत्रणा बंद करायचं ठरलं. तिथेही ऊन कमी पडलं नव्हतं.

व्हाइट हाउसचंही तेच. अध्यक्ष कार्टर यांनी १९७९ साली छतावर ३२ कलेक्टर बसवले होते. १९८६ साली छताच्या दुरुस्तीसाठी ते उतरवले आणि परत चढवलेच नाहीत. हे वाचून मला हसू आलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला सोलर काढला आणि मग कोपऱ्यात पडून राहिला, अशी घरं मी मोजायची सोडून दिली आहेत.

लेखकांनी शेवटी लिहिलंय की टाकी आणि नळ्या अजून गच्चीवरच आहेत, भंगारवाला यायचाय. माझा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचवा: भंगारवाल्याला आठवडाभर थांबवा. आधी वर सांगितलेली मिक्सरची तपासणी करा. चोर सापडला तर व्हॉल्व्ह बसवून सोलर पुन्हा जोडा. पण टाकीत पाणी दुपारी सोडू नका. महिनाभर कोरड्या उभ्या असलेल्या नळ्या उन्हात आतून दोनशे अंशांच्या वर तापतात, गार पाणी लागलं की तडकतात. मी अशाच घाईत एका दुपारी तीन नळ्या फोडल्या आहेत आणि त्या माझ्या खिशातून भरून दिल्या आहेत. अगदी पहाटे, सूर्य उगवायच्या आत भरा. ते जमत नसेल तर आदल्या संध्याकाळी नळ्यांवर जाड चादर टाकून ठेवा आणि टाकी भरून उभ्या नळीतून पाणी डोकावेपर्यंत ती काढू नका.

आपला,
एक निवृत्त नळकारागीर